हेडफोनचा आवाज ‘खरा’ कधी वाटतो?

समोर बसून कोणी गात असेल, तर तो आवाज भिंतींवरून परतून, कानाच्या पाळीवरून वळून आत येतो. कानाची नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपसूक वाढवते. हेडफोन मात्र थेट कानावरच बसतो. त्यामुळे ही वाढ आणि खोलीतला थोडा बास ट्यूनिंगमध्येच धरावा लागतो, नाहीतर आवाज कोंदट लागतो. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांच्या टीमने २०१२ पासून लोकांना ऐकवून ऐकवूनच असा आलेख ठरवत नेला.

मोकळेपणा हवा तर मागून जाळी असलेला हेडफोन बघा. पण बसमध्ये तो शेजाऱ्यालाही ऐकू जातो! दुकानात ओळखीचं गाणं लावा. बासखाली शब्द बुडत असतील, तर तुम्ही व्हॉल्यूम वाढवत जाणार आणि किंमत कानांना मोजावी लागणार.