ओतीव ॲल्युमिनिअममधील छिद्रे

बर्फाचा खडा उजेडासमोर धरून पाहावा. कडेला तो काचेसारखा स्वच्छ, तर मध्यभागी पांढुरका दिसतो. हा पांढुरकेपणा म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे. ट्रेमध्ये पाणी ओतताना तर ते नव्हते! हवा पाण्यातच विरघळलेली होती. बर्फाच्या स्फटिकात तिला जवळजवळ जागा नसते. त्यामुळे पाणी कडेकडून गोठत जाते तशी ती उरलेल्या पाण्यात ढकलली जाते आणि अखेर मध्ये अडकते. उकळून निवविलेल्या पाण्याचा बर्फ करून वर्गात तुलना करता येईल. बुडबुडे कमी होतात, पुरते जात नाहीत.

ॲल्युमिनिअमच्या ओतकामातही असेच घडते. तेथे वायू असतो हायड्रोजन. हवेतील बाष्प, दमट अवजारे, तेलकट भंगार यांतून तो येतो. वितळलेले ॲल्युमिनिअम वाफेतील ऑक्सिजन हिसकावून घेते आणि सुटा झालेला हायड्रोजन अणुरूपाने द्रवात शिरतो. ६६० अंश सेल्सिअसला, म्हणजे वितळबिंदूला, १०० ग्रॅम द्रव धातूत सुमारे ०.७ घन सेंमी. हायड्रोजन मावतो, त्याच तापमानाच्या घन धातूत जेमतेम ०.०४!

समजा, १०० ग्रॅम धातूत ०.२ घन सेंमी. हायड्रोजन आहे. (वायूचे आकारमान ० अंश सेल्सिअस व १ वातावरण दाबाला मोजलेले.) त्याचे वजन एका मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. पण गोठताना त्यातला ०.१६ घन सेंमी. बाहेर पडला, तर ६६० अंशांना तो प्रसरण पावून सुमारे ०.५५ घन सेंमी. होतो. १०० ग्रॅम ॲल्युमिनिअमचे आकारमान ३७ घन सेंमी.; म्हणजे जवळजवळ दीड टक्का पोकळी.

एका कारखान्यातून आमच्याकडे पंपाची कवचे आली होती. वरून निर्दोष, पण लेथवर पातळ थर काढला की टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसत, आणि दाब दिल्यावर पाणी पाझरे. पावसाळ्यात तक्रार अधिक. धातू साच्यात लवकर थंड पडतो, असे समजून त्यांनी भट्टी आणखी तापविली, आणि छिद्रे वाढली.

कोमट सोड्यातून वायू लवकर निघून जातो, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. वितळलेल्या ॲल्युमिनिअममध्ये मात्र उलट आहे. हायड्रोजन विरघळताना उष्णता शोषली जाते, म्हणून तापमानाबरोबर द्राव्यता वाढते. १०० अंश वाढविले की जवळजवळ दुप्पट. (आमच्या प्रयोगशाळेत येणारे पदवीधरही येथे हमखास चुकतात.)

सर्वच पोकळ्यांचा दोष वायूवर टाकू नये. गोठताना ॲल्युमिनिअम ६ ते ७ टक्के आकसते. ती तूट भरायला द्रव पोहोचला नाही तरी पोकळी राहते. भिंगाखाली ती खडबडीत, वेडीवाकडी दिसते. वायूची पोकळी बहुधा गोल व गुळगुळीत असते. प्रत्यक्षात मात्र दोन्ही कारणे पुष्कळदा एकत्रच असतात.

त्या कवचांतील छिद्रे गोल होती. उपाय म्हणून धातू बेताचाच तापविला, भंगार कोरडे करून घेतले आणि ओतण्यापूर्वी द्रवात फिरत्या ग्राफाइटच्या नळीतून नायट्रोजनचे बारीक बुडबुडे सोडले. या बुडबुड्यांत हायड्रोजन नसतो; म्हणून द्रवातला हायड्रोजन त्यांत शिरतो व त्यांच्याबरोबर वर निघून जातो. खात्रीसाठी पळीभर धातू निर्वात पंपाखाली, कमी दाबात गोठविला. कमी दाबात बुडबुडे फुगतात, त्यामुळे थोडाही वायू लपत नाही. पहिला नमुना कापला तेव्हा तो जाळीदार पावासारखा निघाला. नायट्रोजन सोडल्यानंतरचा भरीव होता, आणि त्याचा माथा खाली बसला होता.