बहुविध मालवाहतूक: समतोल अंतर

रेल्वेचा प्रति टन-किलोमीटर खर्च साधारणतः ट्रकपेक्षा कमी असतो. मग सगळा माल रेल्वेनेच का जात नाही? कारण कारखान्यापासून स्थानकापर्यंत आणि तिथून ग्राहकापर्यंत माल ट्रकनेच न्यावा लागतो, शिवाय दोन्ही टोकांना चढ-उतार करावी लागते. रेल्वेचे अंतर कितीही असो, हा खर्च तेवढाच राहतो.

उदाहरणासाठी आकडे गृहीत धरू. ट्रकचा खर्च प्रति टन-किमी 3 रुपये, रेल्वेचा 1.5 रुपये आणि दोन्ही टोकांचा मिळून प्रति टन 600 रुपये.

समतोल अंतर = 600 ÷ (3 − 1.5) = 400 किमी

याहून कमी अंतराला ट्रक स्वस्त, जास्त अंतराला रेल्वे. स्थानकावर माल रखडून टोकांचा खर्च 900 रुपये झाला, तर हेच अंतर 600 किमी होते.

कोकण रेल्वेने 1999 मध्ये सुरू केलेली रो-रो सेवा हा टोकांचा खर्च कमी करते. भरलेला ट्रकच सपाट वॅगनवर चढतो, त्यामुळे माल पुन्हा उतरवावा लागत नाही. मात्र ट्रकचे वजनही वाहावे लागते आणि प्रवासभर ट्रक व चालक अडकून राहतात. म्हणून नियोजन करताना केवळ भाड्याचा दर पाहू नये. टोकांना लागणारा खर्च व वेळ आधी मोजावा.