दोष रक्ताचा नव्हता

बँकेत असताना संध्याकाळी हिशेब टॅली झाला नाही, की एखादा नवा कारकून आकडा खोडून बेरीज जुळवायला बघे. मी त्याला म्हणे, ‘‘आकडा खोडू नकोस. चूक शिरली कुठून, ते शोध.’’ हाच धडा उतारवयात मला एका डॉक्टरीणबाईंकडून घ्यावा लागला.

माझा भाचा तिशीतला. एक दिवस त्याची डावी पोटरी सुजली. तपासणीत शिरेमध्ये रक्ताची गुठळी निघाली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिन्यांनी उजव्या पायात दुसरी गुठळी! बहीण त्याच्यावरच चिडली. तो कळवळून म्हणाला, ‘‘मामा, एकही गोळी चुकवली नाही हो.’’ रक्ततपासणीचे कागद मी तपासले. आकडे चोख होते.

शेवटी संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी पायाकडे बघण्याआधीच विचारले, ‘‘तोंड वारंवार येतं का?’’ येत होते, कित्येक वर्षे. उष्णता म्हणून आम्ही गुलकंद देत होतो. मग खाली मान घालून त्याने गुप्तांगावरच्या जखमांचेही सांगितले. लाजेपोटी हे त्याने आईलाही सांगितले नव्हते.

निदान झाले बेहचेटच्या आजाराचे. तोंडातल्या व गुप्तांगावरच्या जखमा आणि डोळ्यांचा दाह ही एकाच रोगाची रूपे आहेत, असे तुर्की त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेट यांनी १९३७ साली मांडले. या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. आतले अस्तर सुजते आणि त्या भिंतीला गुठळी घट्ट चिकटून बसते. एरवी गुठळीवर रक्त पातळ करणे हाच मुख्य उपाय. इथे आधी भिंतीची आग विझवावी लागते. त्यासाठी स्टेरॉइड आणि अ‍ॅझाथायोप्रिनसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे. शिवाय, फुप्फुसाच्या धमनीला फुगा आलेला असेल, तर रक्त पातळ करणारी गोळीच जिवावर बेतू शकते. म्हणून बाईंनी आधी छातीचा सीटी स्कॅन करवला.

आज दोन वर्षे गुठळी नाही. पण हे फुकट मिळालेले नाही. नियमित रक्ततपासणी, जंतुसंसर्गाची धास्ती, साधा ताप आला तरी धावपळ.

तोंड आले की गुलकंद जरूर द्या. बहुतेकांचे तेवढ्याने भागते. पण वर्षातून तीन-चारदा येत असेल, सोबत डोळे लाल होत असतील, पाय सुजत असेल, तर डॉक्टरांना सगळे एकत्र सांगा. लाजेने वगळलेली नोंदच पुष्कळदा हिशेबातली चूक असते.