उंच घराची खिडकी आणि शिडीची निवड

दसरा उलटला की बाजारपेठेतील घरांना साफसफाईचे वेध लागतात. वहीपूजनाच्या आत दुकानाची गादी बदलायची, तराजू घासून घ्यायचे, घरातील पितळी भांडी चिंचेने उजळायची आणि सर्वांत शेवटी रस्त्याकडच्या खिडक्या पुसायच्या, असा बहुतेक घरांचा क्रम असतो. खाली दुकान आणि वर दोन मजले राहते घर, अशी आपल्या व्यापारी कुटुंबांची वस्ती. पूर्वी या घरांच्या खिडक्यांना लाकडी झडपा आणि लोखंडी गज असत. आतून ओले फडके फिरवले की काम होई. आता दर्शनी भागाला मोठ्या काचा आल्या आहेत. पावसाळाभर त्यांवर धूळ आणि ओघळ साचतात आणि बाहेरची बाजू आतून हाताला लागत नाही. मग घरातील कोणीतरी म्हणते, "शिडी आणा."

ही शिडी बहुधा गोदामाच्या भिंतीला टेकून उभी असलेलीच असते. आमच्याकडेही अशी एक बांबूची शिडी होती, साधारण १४ फुटी. धान्याच्या पोत्यांच्या थप्पीवर चढण्यासाठी ती घेतलेली होती आणि गोदामात तिने पुष्कळ वर्षे चोख काम केले. चूक झाली ती तिला रस्त्यावर आणून पहिल्या मजल्याच्या खिडक्यांना लावण्याची. वडिलांनी दुकानातील मापाडी अण्णांना खिडक्या पुसायला सांगितले. शिडी तीनेक फूट कमी पडत होती, म्हणून ओट्यालगत दोन भरलेली पोती आडवी टाकून त्यांवर ती उभी केली. एक खिडकी झाली. दुसऱ्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक पारवा अचानक फडफडत बाहेर आला, अण्णा दचकले आणि पोत्यात रुतलेला शिडीचा एक पाय सरकला. ते ओट्याच्या कडेवर पडले. जीव वाचला, उजव्या पायाने लंगडणे मात्र कायमचे मागे लागले.

इस्पितळाचा सर्व खर्च वडिलांनी दिला. त्यात विशेष काही नाही, तो देणे भागच होते. माझ्या लक्षात राहिली आहे ती त्या खर्चाची नोंद. तो त्यांनी 'औषधोपचार' किंवा 'धर्मादाय' या खात्यात घातला नाही. खतावणीत 'शिडी खाते' असे नवे पान उघडून त्यावर सगळी रक्कम नावे टाकली. दिवाणजींनी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "नीट शिडी घेतली असती तर हा खर्च झाला नसता. धर्मादाय लिहिले तर आपण काही पुण्य केले असे पुढे वाचणाऱ्याला वाटेल."

त्याच पानावरची पुढची नोंद नव्या शिडीच्या खरेदीची आहे. ती रक्कम आधीच्या रकमेच्या आठव्या हिश्शाइतकीही नाही. त्या खरेदीच्या वेळी जे शिकलो आणि पुढे चार घरांना सांगत आलो, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम माप. कापड घेताना आपण बोटभर कमी-जास्त पाहतो; शिडी घेताना मात्र "वीस फुटी द्या" म्हणून मोकळे होतो. खरे माप घरूनच न्यावे. खिडकीच्या खालच्या काठावरून ओळंबा किंवा दगड बांधलेली दोरी रस्त्यापर्यंत सोडावी आणि ती फूटपट्टीने मोजावी. आमच्या घराचा ओटा २ फूट, दुकानाची उंची १२ फूट आणि त्यावर खिडकीच्या काठापर्यंत ३ फुटांची भिंत. म्हणजे रस्त्यापासून १७ फूट. खिडकी स्वतः ४ फूट उंच, तेव्हा तिचा वरचा काठ २१ फुटांवर. शिडी टेकवायची ती काचेच्या खालच्या पक्क्या भिंतीला. काचेला किंवा सरकत्या तावदानाच्या चौकटीला ती कधीही टेकवू नये.

शिडी भिंतीला अगदी सरळ लावली तर चढणाऱ्यासह मागे कलंडते आणि फार तिरपी लावली तर तिचा पाय घसरतो. यासाठी जगभर मान्य असलेले प्रमाण चारास एक असे आहे. टेकणीची उंची चार फूट असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून एक फूट दूर. १७ फुटांसाठी सव्वाचार फूट. ते जमले की नाही हे पाहण्याची सोपी खूणही आहे. शिडीच्या पायाला चवडे लावून ताठ उभे राहावे आणि हात खांद्याच्या उंचीवर समोर लांब करावेत. तळवे पायरीवर सहज टेकले तर कल ठीक आहे. या कलाने १७ फुटांची टेकण गाठायला साडेसतरा फूट शिडी लागते.

आता सर्वांत मोठी फसगत होते ती येथे. दोन भाग एकमेकांवर सरकवून लांब होणारी शिडी विकताना पुष्कळदा दोन्ही भागांच्या लांबीची बेरीज सांगितली जाते. दहा आणि दहा वीस. पण दोन भाग एकमेकांवर निदान ३ फूट चढलेले राहिलेच पाहिजेत, नाहीतर जोडापाशी शिडी वाकते. म्हणजे हातात येतात १७ फूट, आणि तिरपी लावल्यावर प्रत्यक्ष उंची मिळते साडेसोळा. आमच्या खिडकीला 'वीस फुटी' शिडी अर्धा फूट कमी पडली असती, आणि अर्धा फूट कमी पडलेली शिडी पोत्यावर चढते, हे आम्ही पाहिलेलेच होते. आम्ही १२ अधिक १२ अशी घेतली. तिची उपयोगी लांबी २१ फूट. जास्तीची लांबी सरकवून कमी करता येते, कमी पडलेली वाढवता येत नाही.

टेकवलेल्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्या उभे राहण्यासाठी नसतात, हाताने धरण्यासाठी असतात. १७ फुटांवर टेकलेल्या शिडीवर माणसाची पावले साडेतेरा फुटांच्या आसपास राहतात. तेथून साधारण उंचीच्या माणसाचा वर केलेला हात २० फुटांपर्यंत पोहोचतो. उरलेला एक फूट रबरी पट्टीच्या दांड्याने भागतो. तेवढ्यासाठी आणखी एक पायरी चढण्याचा मोह होतो. आडवा हात लांबवून शेजारची काच गाठण्याचाही होतो. पोटाची बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये राहील इतकेच वळावे, पुढची काच हवी असेल तर खाली उतरून शिडी सरकवावी. दर वेळी उतरण्याचा कंटाळा येतो हे खरे आहे.

शिडी कशाची असावी, यावर घरोघरी वाद होतात. बांबूची शिडी स्वस्त, हलकी आणि गावातच बनणारी. गोदामात आजही तिची सोय दुसरीला येत नाही. पण तिचे आयुष्य डोळ्याला दिसत नाही. बांबू आतून पोखरला गेला की खाली बारीक पिवळसर पूड पडते, बांधणीची दोरी उन्हापावसाने कुजते, पेराजवळ उभी चीर पडते. लाकडी किंवा बांबूच्या शिडीला रंग देऊ नये, कारण रंगाखाली चीर झाकली जाते. तेल किंवा पारदर्शक वॉर्निश पुरेसे. अ‍ॅल्युमिनियमची शिडी कुजत नाही, लांबीच्या मानाने हलकी असते आणि उंच खिडकीसाठी बहुतेकांनी तीच घ्यावी असे माझे मत आहे. मात्र एक अट आहे, आणि ती बाजारपेठेत राहणाऱ्यांनाच अधिक लागू पडते.

जुन्या पेठांत खांबावरून घराकडे येणाऱ्या विजेच्या तारा खिडक्यांच्या अंगावरून जातात. आडवी शिडी उभी करताना खालच्या माणसाची नजर तिच्या पायाकडे असते, वरचे टोक कोठे चालले आहे हे कोणी पाहत नाही. अ‍ॅल्युमिनियम उत्तम वीजवाहक आहे. ओला बांबूही सुरक्षित नाही. म्हणून शिडी कोणत्याही बाजूला पडली तरी तिचे टोक जेथवर पोहोचेल, त्या घेऱ्यात तार नसावी. तार असेल तर फायबरग्लासची शिडी घ्यावी. ती कोरडी आणि स्वच्छ असेपर्यंत वीज वाहू देत नाही, पण वजनाने आणि किमतीने भारी पडते. आणि तार हाताच्या अंतरावर असेल तर तेथे कोणतीच शिडी लावू नये.

भाराचे गणित आपल्याला अवघड नाही. ७० किलोचा माणूस, १० लिटर पाण्याची बादली म्हणजे १० किलो, फडकी, पट्टी आणि खालून वर जाताना बसणारा हिसका. युरोपातील ईएन १३१ या मानकात शिडीवरील कमाल भार १५० किलो धरलेला आहे. तेवढ्या भाराची शिडी मागावी. आपल्याकडेही आयएस ३६९६ या भारतीय मानकाचा १९९१ चा दुसरा भाग खास शिड्यांच्या सुरक्षिततेविषयी आहे. बादली हातात घेऊन चढू नये; अर्धीच भरून आकड्याने पायरीला अडकवावी. चढताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव सदैव शिडीला लागलेले असावेत.

पायांचे रबर झिजलेले नाही ना, हे दर वर्षी पाहावे. साबणाचे पाणी ओघळून खाली आले की शहाबादी फरशीवर रबरही घसरते, तेव्हा पायाखाली कोरडे गोणपाट अंथरून भागत नाही. ते उलट शिडीसकट सरकते. फरशी पुसून कोरडी करणे हाच उपाय. आपल्या खिडक्यांना गज किंवा जाळी असते, त्याचा एक फायदा घ्यावा: आतील माणसाने शिडीचे वरचे टोक दोरीने गजाला बांधून टाकावे. हे काम दोन मिनिटांचे आहे. खाली पाय धरणारा मोठा आणि सावध माणूस असावा. शाळकरी मुलगा नको, आणि मोबाइलवर भाव विचारणारे शेठजीही नकोत.

रंगारी वापरतात ती उघडणारी घोडी दुकानाच्या काचांना ठीक आहे. तिचे दोन्ही पाय पूर्ण उघडून अडकण लावावी. मिटवून भिंतीला टेकवू नये.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीचे काय? तिचा काठ रस्त्यापासून २७ फुटांवर जातो. तेथे शिडी घेऊच नये, असे मी स्पष्टपणे सांगतो, दुकानदार कितीही लांब शिडी दाखवो. इंग्लंडमध्ये खिडक्या पुसणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा स्वतंत्र धंदा. वरच्या बाजूला निमुळती होत जाणारी लाकडी शिडी ही तेथील कारागिरांची ओळख होती. तेथे २००५ साली उंचीवरील कामाचे नियम आले. शिडी थोड्या वेळाच्या आणि कमी धोक्याच्या कामालाच वापरावी, एका जागी साधारण अर्ध्या तासाहून अधिक नव्हे, असा दंडक पडला. पुष्कळ जण मग जमिनीवर उभे राहून, पाणी वाहून नेणाऱ्या लांब नळीदार दांड्याने काचा धुऊ लागले. टोकाला ब्रश, त्यातून क्षार काढलेले पाणी. काच पुसावीही लागत नाही, तशीच डाग न पडता वाळते.

असे जोडता येणारे दांडे आता आपल्याकडेही मिळतात. अडचण पाण्याची आहे. कूपनलिकेच्या जड पाण्याने काच धुतली तर वाळल्यावर पांढरे ठिपके उरतात. आपल्या घरांत पाणी गाळून घेण्याची रीत आहे, पण गाळण्याने पाण्यात विरघळलेले क्षार जात नाहीत. साठवलेले पावसाचे पाणी किंवा आरओ यंत्राचे पाणी वापरावे. सरकत्या तावदानांची काही बनावट अशी असते की ती किंचित वर उचलून आत काढून घेता येतात. मग घरातच पुसून परत बसवावीत. हे काम दोघांनी मिळून करावे, एकट्याने तावदान झेपत नाही. आणि यातले काहीच शक्य नसेल तर परांची बांधणाऱ्यांना बोलवावे. चार-पाच वर्षांतून एकदा रंगकामाच्या वेळी परांची बांधलेलीच असते, तेव्हा काचाही धुऊन घ्याव्यात. मधल्या वर्षांत वरच्या काचा थोड्या धूसर राहिल्या तर राहू द्याव्यात.

काम सुरू करण्याआधी प्रत्येक खिडकी आतून उघडून कोपरे पाहावेत. पारव्यांची वीण वर्षात केव्हाही असू शकते. अंडी किंवा पिल्ले असतील तर ती खिडकी सोडून द्यावी. पिल्ले उडाली की मग सफाई करावी आणि जाळी बसवावी. घरट्यातील जीव आणि शिडीवरील जीव, दोन्ही यातच सांभाळले जातात.

खरेदीला जाताना एक गोष्ट वडिलांनी केली, तिचे महत्त्व मला नंतर कळले. ते अण्णांना बरोबर घेऊन गेले. दुकानदाराने दाखवलेली पहिली शिडी वडिलांना पसंत पडली होती, किंमतही जुळली होती. अण्णांनी ती उभी करवली, काठी टेकून ठेवली, दोनच पायऱ्या चढले आणि म्हणाले, "शेठ, ही नको. पायऱ्या गोल आणि बारीक आहेत. अर्धा तास उभे राहिले की तळवा दुखतो, मग माणूस चुळबुळ करतो." रुंद, चपट्या आणि खाचा असलेल्या पायऱ्यांची शिडी घेतली गेली. ती काहीशे रुपयांनी महाग होती. वडिलांनी घासाघीस केली नाही.

ती शिडी आज गोदामात भिंतीवर तीन खुंट्यांवर आडवी टांगलेली असते, साखळी-कुलपासह. दर दिवाळीला दुकानातला एखादा तरुण बूट घालून तिच्यावर चढतो. जोवर दुकानात येत होते तोवर खालचा पाय धरायला अण्णाच उभे राहत, आणि पोराने पहिली पायरी चढण्याआधी वर पाहून ओरडत, "आधी पारवा बघ रे!"