देशाची सायबर ताकद आणि आपला गल्ला

नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची उतरू लागली की पथारीवाल्यांची झोप उडते. माल तोलायचा, भाव ठरवायचा, मजुरांचे पैसे चुकते करायचे. पूर्वी या सगळ्याला रोकड लागे आणि भीती असे ती खिसेकापूची. आता बराचसा व्यवहार मोबाइलवर होतो आणि चोर हजार कोसांवर बसलेला असतो. या चोराचा देशाच्या संरक्षणाशी काय संबंध, असे आमचे व्यापारी बांधव विचारतात. संबंध आहे आणि तो जवळचा आहे. तोच आज आपण समजून घेऊ.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी गावात आले होते. पुढे बँक खाती आणि सरकारी अनुदाने त्या क्रमांकाशी जोडली गेली. ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआयची घोषणा झाली, १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि वहीतला हिशेब संगणकात गेला. म्हणजे गल्ल्याची एक किल्ली आपल्या खिशात, तर दुसरी देशाच्या यंत्रणेत, अशी आजची स्थिती आहे. ती यंत्रणा किती मजबूत आहे, हा प्रश्न म्हणून आपलाही आहे.

ताकद मोजतात कशी?

रणगाडे, विमाने मोजता येतात. संगणकातली ताकद डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जाणकारांनी तिच्यासाठी वेगवेगळी मापे ठरवली आहेत. त्यातली दोन पाहू.

पहिले माप संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेचे. ती पाच गोष्टी तपासते : कायदे, तांत्रिक व्यवस्था, संघटन, माणसांचे प्रशिक्षण आणि इतरांशी सहकार्य. तिच्या २०२० च्या यादीत भारत दहावा होता. २०२४ च्या यादीत भारताला १०० पैकी ९८.४९ गुण मिळाले आणि पहिल्या श्रेणीत जागा मिळाली.

दुसरे माप लंडनच्या सामरिक अभ्यास संस्थेचे. तिने जून २०२१ मध्ये १५ देशांचा अहवाल काढला. त्यात धोरण, हुकमत कुणाची, हेरगिरीची क्षमता, उद्योगांचे बळ, बचाव, जगातले वजन आणि उलट वार करण्याची ताकद असे सात मुद्दे होते. पहिल्या श्रेणीत एकटी अमेरिका. दुसऱ्या श्रेणीत चीन, रशिया, ब्रिटन, इस्रायल आदी सात देश. भारत तिसऱ्या श्रेणीत, जपान, इराण आणि उत्तर कोरियाच्या रांगेत.

एकाच देशाला एक जण उत्तम म्हणतो आणि दुसरा तिसऱ्या रांगेत बसवतो, हे कसे? मिरचीचेच पाहा. रंगासाठी घेणारा एक भाव सांगतो, तिखटपणासाठी घेणारा दुसरा. माल तोच, पण कसोटी वेगळी. पहिले माप तयारी पाहते. कायदा आहे का, कचेरी आहे का, प्रशिक्षण होते का, हे ते विचारते. दुसरे माप प्रत्यक्ष बळ पाहते. दुकानाला कुलूप आहे एवढ्यावर पहिल्याचे समाधान होते. ते कुलूप चोरापुढे टिकेल का आणि चोर सापडेल का, हे दुसरा विचारतो. म्हणून एकच आकडा वाचून फुगून जाऊ नये आणि खचूनही जाऊ नये.

महाराष्ट्राने काय पाहिले?

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ पासूनची. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, तिच्या ग्राहकांच्या कार्डांच्या नकला वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही सुमारे अडीच कोटी निघाले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटींवर गेला. युक्ती अशी होती की एटीएमने बँकेला ‘पैसे देऊ का’ असे विचारले, की तो प्रश्न खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचतच नव्हता. चोरांनी मध्ये बसवलेली खोटी यंत्रणाच ‘द्या’ म्हणत होती.

ही साधी चोरी नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या २०१९ च्या अहवालात हा प्रकार उत्तर कोरियाशी जोडला गेला. निर्बंधांनी अडलेला एक गरीब देश परक्या बँका लुटून आपली तिजोरी भरतो, असा त्याचा अर्थ. बँकेवरचा दरोडा राष्ट्रीय सुरक्षेचा विषय होतो तो असा.

त्याआधी २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या विषाणूने जगभरच्या कंपन्या बंद पाडल्या. त्या लाटेत न्हावा शेवा बंदरातले एक टर्मिनलही सापडले आणि कंटेनर अडकून पडले. युद्ध दोन परक्या देशांचे, माल मात्र आपल्या व्यापाऱ्यांचा अडकला.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकल थांबल्या. त्यामागे सायबर घातपात असू शकतो, असे राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये सांगितले. केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी मात्र ती मानवी चूक असल्याचे म्हटले. यातला धडा आमच्या मते असा : वार झाला की नाही हे ठामपणे आणि लवकर सांगता येणे, हीसुद्धा देशाची ताकदच आहे.

साखळीची शेवटची कडी

सरकारने काहीच केले नाही असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. संगणक हल्ल्यांवर लक्ष ठेवणारी ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ मध्ये आली, वीज-बँकांसारख्या मोक्याच्या यंत्रणांसाठी वेगळे केंद्र २०१४ मध्ये आले आणि तिन्ही सैन्यदलांची सायबर संस्था २०१९ मध्ये उभी राहिली. तरीही २०२४ या एका वर्षात सायबर ठगांनी देशातल्या नागरिकांचे २२,८४५ कोटी रुपये नेल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले. आधल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. श्रेणी वर जाते आणि चोरीही वाढते, कारण वरच्या कचेऱ्या कितीही मजबूत झाल्या तरी साखळीची शेवटची कडी म्हणजे आपला मोबाइल. गॅरेजवाला, मणियार, शिंपी, पथारीवाला, सर्वांचा.

शिवाय फसवणुकीचा पैसा फिरत फिरत कुणा निरपराध दुकानदाराच्या खात्यात ग्राहकाकडून आला, तर त्याचेही खाते गोठवले जाते. मालाचे पैसे हलालाचे, पण ते सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून आमची व्यापारी आणि कारागीर बांधवांना पाच गोष्टींची विनंती आहे.

१) पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजावे, पैसे जाणार आहेत.

२) लग्नपत्रिका, चलन किंवा बँकेचे नाव सांगून मोबाइलवर आलेली एपीके फाइल उघडू नये.

३) ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाही. फोनवर पोलीस म्हणवून पैसे मागणारा ठगच असतो.

४) अनोळखी ग्राहकाच्या मोठ्या रकमेचे बिल फाडावे. नाव, फोन नंबर, माल आणि तारीख लिहून ठेवावी. आपले खाते कमिशनच्या लोभाने कुणालाही वापरायला देऊ नये.

५) फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नये. त्याच तासात १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही लेखी कळवावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, उशीर झाल्यावर हाती काही लागत नाही.

देणेघेणे लिहून ठेवण्याचा हुकूम आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच मिळाला आहे. तो पाळणाऱ्याचा कागद आजच्या चौकशीतही उभा राहतो. देशाची ताकद मोजणारे दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसोत, तिची एक वीट नंदुरबारच्या पेठेतल्या प्रत्येक गल्ल्यावर आहे. ती आपण पक्की ठेवली, तर आपली रोजी वाचेल आणि देशाचे रक्षणही होईल, इन्शाअल्लाह.