बिनगुणांची चाचणी

चाचणी म्हणजे शिकलेले मोजण्याची पट्टी, असे आपण समजतो. पण आठवण्याच्या खटपटीनेच स्मृती पक्की होते. २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग तो काहींनी पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. ५ मिनिटांनंतर वाचणारे किंचित सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्केच मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ५६ टक्के! (आपला जुना परवचा दुसरे काय होता?)

बाष्पीभवन शिकवून चार दिवस झाले, की पुस्तके मिटवून विचारावे : नागपुरात मे महिन्यात गारवा देणारा कूलर जुलैत का फसतो? उत्तर लगेच तपासावे, नाहीतर चूकच पाठ व्हायची. गुण मात्र नोंदवू नयेत. आकारिक मूल्यमापनाच्या तक्त्यात ते चढले, की मुले पुन्हा आदल्या रात्री घोकायला बसतात.