आत्याबाईच्या मिशा आणि पॅरिसची बाटली

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, ही म्हण ठाऊक नाही असे मराठी घर क्वचितच सापडेल. जे घडले नाही आणि घडणारही नाही, त्याच्या आधारावर मनोरे रचणाऱ्याला ही म्हण एका वाक्यात जमिनीवर आणते. फ्रेंच लोकांचीही अशीच एक म्हण आहे. ते म्हणतात, ‘जर-जर’च्या बळावर अख्खे पॅरिस शहर बाटलीत भरता येईल. आत्या तेथे नाही, मिशाही नाहीत. परंतु टोमणा तोच आहे. दोन दूरच्या समाजांना या एकाच व्याकरणरूपावर म्हण रचावीशी वाटली, यावरून माणसाच्या मनात त्या रूपाला केवढी जागा आहे हे दिसून येते.

हे रूप म्हणजे न घडलेल्या भूतकाळाचे. मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. त्यांपैकी शेवटचा तो हा. फ्रेंच व्याकरणात याला ‘काँदिसिओनेल पासे’ म्हणतात आणि ती भाषा शिकणाऱ्यांना या काळाचा फार धाक वाटतो. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुले पुष्कळ आहेत. आपल्या बृहन्महाराष्ट्रातील घरांतूनही शिक्षणासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली मुले ती भाषा घेतात. या काळापाशी ती अडखळतात, याचे नवल वाटत नाही. नवल याचे वाटते, की त्या कुलपाची निम्मी किल्ली आजीच्या बोलण्यात पडून असते आणि तिकडे कोणी पाहत नाही.

प्रथम फ्रेंच रचना पाहू. ‘मला कळले असते तर मी आलो असतो’ हे वाक्य फ्रेंच माणूस ‘सी झाव्हे स्यू, झ सरे व्हन्यू’ असे म्हणेल. ‘सी’ म्हणजे जर. त्याच्या मागोमाग येणाऱ्या अंगात पूर्ण भूतकाळ, म्हणजे शब्दशः ‘मला कळलेले होते’. दुसऱ्या अंगात मात्र सहायक क्रियापदाचे संकेतरूप आणि त्यापुढे भूतकालवाचक धातुसाधित. म्हणजे दोन अंगांची दोन निराळी रूपे. मराठीत तसे नाही. ‘कळले असते’ आणि ‘आलो असतो’ ही दोन्ही एकाच साच्यातील आहेत. त्यामुळे मराठी मूल फ्रेंच लिहू लागले की दोन्हीकडे संकेतरूप घालते आणि गुण गमावते. ही चूक खुद्द फ्रेंच मुलेही करतात. तेथील शिक्षक त्यांना बजावतात, की ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही. आपल्या मुलांनी इतके ध्यानात ठेवले तरी अर्धे काम झाले.

आणखी एक मौजेचा भेद आहे. फ्रेंच वाक्यात ‘जर’ आहे, ‘तर’ नाहीच. मराठीत ‘जर’ खुशाल गाळता येतो, ‘तर’ मात्र गाळता येत नाही. ‘कळले असते तर आलो असतो’ यात काही कमी भासत नाही. ‘तर’ काढून पाहा, वाक्य लगेच लंगडे पडते. कारणावर फ्रेंच वाक्य उभे राहते, परिणामाच्या उंबरठ्यावर मराठी.

आता सहायक क्रियापदाकडे वळू. फ्रेंचमध्ये ती दोन आहेत. बहुतेक क्रियापदे ‘आव्हवार’, म्हणजे जवळ असणे, या धातूचे ‘ओरे’ हे रूप घेतात. जाणे, येणे, पोचणे, निघणे, जन्मणे, मरणे, पडणे, राहणे अशी मोजकी क्रियापदे ‘एत्र’, म्हणजे असणे, या धातूचे ‘सरे’ हे रूप घेतात. ही यादी विद्यार्थी घोकून पाठ करतात. ती नीट पाहिली तर सगळी अकर्मक क्रियापदे दिसतील. मराठीत ज्यांचा कर्तरी प्रयोग होतो तीच. ‘ती गेली असती’ यात ‘गेली’ जशी कर्त्याप्रमाणे बदलते, तसे ‘सरे’ घेणारे धातुसाधितही फ्रेंचमध्ये कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. मात्र सावध राहावे : झोपणे, चालणे ही क्रियापदे अकर्मक असूनही फ्रेंचमध्ये ‘ओरे’च्या पंगतीला बसतात.

याहून सुंदर साम्य सकर्मक क्रियापदांत आहे. आपण म्हणतो, ‘मी पत्र लिहिले असते’, पण ‘मी चिठ्ठी लिहिली असती’. लिहिणारा तोच, क्रियापद मात्र कर्माच्या मागे गेले. फ्रेंचमध्ये एरवी असे होत नाही; परंतु कर्म आधी आले की होते. ‘मी जी चिठ्ठी लिहिली असती’ हे ‘ला लेत्र क झोरे एक्रीत’ असे होते. चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून ‘एक्री’चे ‘एक्रीत’ झाले. फ्रेंच शाळांत या नियमाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना रडवले आहे. आपल्याकडे तो भाजीवाल्याशी बोलतानाही सहज पाळला जातो.

याचे मूळ दोन्हीकडे सारखेच आहे. संस्कृतात ‘तेन पत्रं लिखितम्’ यातील ‘लिखितम्’ हे पत्राचे विशेषण होते. लॅटिनमध्येही ‘माझ्याजवळ लिहिलेली चिठ्ठी आहे’ अशा घाटाची रचना होती आणि ‘लिहिलेली’ हे चिठ्ठीचे विशेषण होते. विशेषणाचे पुढे क्रियापद झाले, तरी नामाशी जुळवून घेण्याची त्याची जुनी सवय सुटली नाही. मराठी रूपांचा असा माग काढणारा एक थोर ग्रंथ एका फ्रेंच पंडितानेच लिहिला, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. झ्यूल ब्लॉक यांचा तो ग्रंथ. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने तो मराठीत आणला.

कानाला ऐकू येण्याच्या बाबतीत मराठी अधिक श्रीमंत आहे. फ्रेंच संकेतरूपे सहा पुरुषांना लिहिली तर बहुतेक वेगळी दिसतात. बोलताना मात्र ‘ओरे, ओरे, ओरे, ओरियों, ओरिये, ओरे’ अशी सहांपैकी चार एकसारखीच. मराठीत मी आलो असतो, मी आले असते, तू आला असतास, तू आली असतीस, तो आला असता, ती आली असती, ते आले असते, त्या आल्या असत्या, मुले आली असती. शिवाय वर्तमानकाळी ‘तो असतो’ आणि संकेतार्थी ‘तो असता’. एका स्वराच्या फरकाने खरे जग आणि न घडलेले जग वेगळे होते. व्याकरणकार यांना प्रथम ताख्यात आणि द्वितीय ताख्यात म्हणतात.

आणि येथेच आपल्या घरांची चिंता सुरू होते. हिंदीत ‘मैं आया होता, तू आया होता, वह आया होता’ असे तिन्ही पुरुषांना एकच रूप चालते. बऱ्हाणपुरात शाळा हिंदीची, बाजार हिंदीचा. मूल घरी येऊन म्हणते, ‘मी आला असता’, ‘तू आला असता’. ‘असतो’मधला ओ गेला, ‘असतास’मधला स गेला. मुलगी म्हणते, ‘मी आली असती’. वऱ्हाडाच्या बाजूला बोलीत ‘मी आली’ पूर्वापार रुळलेले आहे, ती त्या बोलीची रीत आहे आणि तिचा मान राखावा. परंतु ज्या घरात आजी ‘मी आले असते’ म्हणते, त्याच घरात नातीच्या तोंडून ते रूप नाहीसे होत असेल, तर तो बोलीभेद नव्हे, झीज आहे. नेहमीची वाक्ये रोज वापरात असल्याने तगून राहतात. संकेतार्थ क्वचित लागतो, म्हणून तो आधी झिजतो.

याउलट फ्रेंच संकेताचे सगळे उपयोग मराठी ‘असता’ने उचलता येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. फ्रेंच वृत्तपत्रे खातरजमा न झालेली बातमी याच काळात छापतात. ‘मंत्र्याने राजीनामा दिला असता’ असे त्याचे शब्दशः भाषांतर केले तर अनर्थ होईल. आपण तेथे ‘दिला म्हणे’ असे म्हणतो, किंवा विध्यर्थाने ‘दिला असावा’. फ्रेंच माणूस ‘झोरे द्यू’ म्हणून हळहळतो, तेव्हा मराठीत ‘मी करायला हवे होते’ असे म्हणावे लागते. एका काळाची तेथील कामे आपल्याकडे तिघांनी वाटून घेतली आहेत.

बऱ्हाणपुरात राहणाऱ्याला तर या रूपाचा सराव करण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. झाँ बाप्तिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात या शहरात येऊन गेला. येथील तलम कापड इराण-तुर्कस्तानापासून पोलंडपर्यंत जाते, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले. ते वृत्त १६७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आधी, १६३१ मध्ये, मुमताज महल येथेच वारली आणि तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले. तेव्हापासून गाव म्हणत आले आहे : ताजमहाल येथे बांधला असता तर! १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर हे शहर मराठ्यांकडे आले आणि पुढल्याच जानेवारीत पानिपत झाले. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेले. निमाड आणि त्यातील बऱ्हाणपूर मागे राहिले. त्यावरचे ‘जर’ तर अनेक घरांत अजून निवलेले नाही.

पण हे रूप केवळ उसासे टाकण्यासाठी नाही. ‘विश्वासराव पानिपतावर पडले नसते तर’ इतके म्हणून मराठी माणूस थांबतो. वाक्य पुरे करावे : ‘तर थोरल्या माधवरावांना पेशवाई मिळाली नसती.’ आता ते विचाराचे वाक्य झाले. एक कारण काढून घेतले की काय काय कोसळते, हे त्यातून कळते. ‘जर’ कोणीही म्हणतो. ‘तर’ नीट सांगायला कार्यकारणभाव माहीत असावा लागतो. म्हणूनच मराठीत ‘तर’ गाळता येत नाही, असे मला वाटते.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती. रात्री जेवताना मुलांना एखादा ‘जर’ द्यावा आणि ‘तर’ त्यांच्याकडून वदवून घ्यावा. तापीला पूल नसता तर? आजोबा या गावात आले नसते तर? मुलगा ‘मी आला असता’ म्हणाला, तर न रागावता आपण ‘मी आलो असतो’ असे म्हणून पुढे बोलावे. कान आपोआप शिकतो. पुढे तो फ्रेंच शिको वा न शिको, आजीशी बोलताना त्याला ते रूप लागणारच आहे.